मग कशानं खरडायचं होतं?



आपल्या मासिकाच्या मराठी विभागात दरवर्षी 'हॉस्टेलमधले दिवस', 'माझी पहिली केटी' आणि 'मेसची पातळ आमटी' हे तीन लेख हमखास असतात. यंदा संपादकांनी माझ्याकडेही त्यातलाच एक मागितला होता. पण मला लिहायचं आहे ते काच खरडायच्या पात्याबद्दल, म्हणजे ग्लास स्क्रेपरबद्दल. विषय ऐकून माझा रूम पार्टनर पोट धरून हसला. "अरे, हा काय लेखाचा विषय झाला? हार्डवेअरच्या दुकानात जा, मिळेल तो उचल!" तो म्हणतो तेच आपण सगळे करतो आणि तिथंच चुकतं, असं माझं स्पष्ट मत आहे. ते का, हे सांगण्यासाठी आधी घडलेली गोष्ट सांगतो.

आपल्या अभ्यासिकेला काचेचं नवं पार्टिशन बसलं, तेव्हा आपण सगळे खूश झालो. पुढच्याच गॅदरिंगला त्या काचेवर दोन्ही बाजूंनी पोस्टरं चिकटली. कुणी सेलोटेप लावली, कुणी डबल टेप, काही बहाद्दरांनी थेट फेव्हिकॉल. नाटकाचा पडदा तिथंच रंगवला, त्यामुळे ऑइल पेंटचे शिंतोडे वेगळेच. गॅदरिंग संपलं, फोटो निघाले, आपण सबमिशनच्या मागे लागलो. मग एक दिवस कळलं, की परवा तपासणी समिती येतेय.

साफसफाईच्या ठेकेदाराकडे आपले मामा आहेत. वीसेक वर्षं ते हॉस्टेलच्या खिडक्या पुसताहेत. त्यांना हुकूम आला, "संध्याकाळपर्यंत काच आरशासारखी दिसली पाहिजे." हातात काय दिलं? एक बादली आणि एक फडकं. वाळलेला रंग फडक्यानं निघतो का? मामा माझ्या खोलीत आले आणि काही धारदार आहे का, असं विचारलं. मी ड्रॉइंगच्या सामानातला कटर काढून दिला. पातं जरा गंजलेलं होतं. वर सल्लाही दिला, "रगडा मामा. काच आहे, तिला काय होतंय?" हा सल्ला देणारा मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि मटेरियल सायन्समध्ये मला डिस्टिंक्शन आहे!

दुसऱ्या दिवशी सकाळी तिरपं ऊन आलं आणि काचेवर चरे दिसले. एक-दोन नाही, केसासारखे बारीक, लांबच लांब, शेकड्यानं. समिती आली नि गेली, पण चरे राहिले. ठेकेदारानं मामांच्या पगारातून दोन महिने पैसे कापले. मी जाऊन सांगितलं, की पातं माझं होतं. "तू तुझा अभ्यास कर," असं उत्तर मिळालं. मग आमच्या विंगमधल्या पोरांनी वर्गणी काढली आणि आम्ही ती मामांना द्यायला गेलो. त्यांनी घेतली नाही. एवढंच म्हणाले, "चुकलं असेल माझं. पण मग कशानं खरडायचं होतं, ते तरी सांगा पोरांनो."

आम्ही पाच जण होतो. होणारे पाच इंजिनिअर. एकालाही उत्तर देता आलं नाही. पुढचे काही आठवडे मी ते उत्तर शोधलं. ते असं आहे.

काचेला चरा नेमका कशानं जातो? १८१२ साली फ्रीडरिश मोस या जर्मन शास्त्रज्ञानं खनिजांच्या कठीणपणाची जी मोजपट्टी मांडली, ती आपण पहिल्या वर्षापासून पाठ करतो. खिडकीची साधी काच त्या मोजपट्टीवर साधारण साडेपाचला येते. ब्लेडचं कडक केलेलं पोलादही त्याच्याच आसपास, थोडं खाली-वर. म्हणजे धड, सरळ, स्वच्छ धारेचं पातं ओल्या काचेवर जवळजवळ आडवं धरून सरकवलं, तर ते सहसा चरा पाडत नाही. पण वाळूतलं क्वार्ट्झ सातला येतं. चरा पाडतो तो पातं आणि काच यांच्यामध्ये अडकलेला कण. मग तो वाळूचा असेल, वाळलेल्या सिमेंटचा असेल, किंवा धारेवरच्या गंजाचा असेल. धारेला खाच पडली असेल, तर तीही तेच काम करते.

स्क्रेपर निवडायचे जवळजवळ सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात. ते पाठ करायची गरज नाही.

आधी पात्याचा धातू. व्यावसायिक काच साफ करणाऱ्यांच्या स्क्रेपरमध्ये दोन प्रकारची पाती मिळतात, कार्बन स्टीलची आणि स्टेनलेसची. कार्बन स्टीलच्या पात्याची धार जास्त तीक्ष्ण असते आणि रंगाचा थेंब ते एका झटक्यात उचलतं. पण ते ओलं राहिलं, की गंजतं. आपल्याकडच्या पावसाळी हवेत तर रात्रीत तांबूस ठिपके दिसतात. स्टेनलेसचं पातं गंजाला दाद देत नाही, धार मात्र थोडी कमी पडते. माझं मत असं, की रोज पाती मोजून घेणारी, पुसून ठेवणारी, वेळेवर बदलणारी व्यवस्था असेल तर कार्बन स्टील घ्यावं. आपल्यासारख्या ठिकाणी, जिथं स्क्रेपर बादलीतच पडून राहणार हे सगळ्यांना माहीत आहे, तिथं स्टेनलेस बरं. आणि पातं कोणतंही असो, धारेला बोटाचं नख हलकेच लावून बघायचं. अडखळलं तर पातं बाद. एका पात्याचे दहा-वीस रुपये वाचवायला जाऊन अख्खी काच घालवण्यात काय हशील आहे?

मग रुंदी. आपली भाबडी समजूत असते, की पातं जेवढं रुंद तेवढं काम लवकर. दुकानात खिशात मावणारा दीड इंची स्क्रेपर मिळतो, चार इंची मिळतो, सहा इंची मिळतो. रुंद पात्यानं काम लवकर होतं हे खरं. पण रुंद पात्याखाली एक कण अडकला, तरी तो पूर्ण लांबीभर फरफटत जातो आणि हाताला कळत नाही. सुटे थेंब, टेपचे डाग, पक्ष्यांची घाण यांना दीड इंची पातं पुरतं. मोठ्या साध्या काचेवर गोंदाचा पातळ थर पसरला असेल, तर चार इंची घ्यावं. सहा इंची स्क्रेपर हा सरावलेल्या हाताचा आणि ओळखीच्या काचेचा. आपल्या कॉलेजात त्याची गरज नाही, असं मला वाटतं.

तिसरी गोष्ट मूठ. पातं घट्ट बसलं पाहिजे, बाजूला हललं नाही पाहिजे, आणि काम झाल्यावर धार झाकली गेली पाहिजे. मुठीला दोरी अडकवायला भोक असेल तर उत्तम. तिसऱ्या मजल्यावरून सुटलेला स्क्रेपर खाली कुणाच्या डोक्यात पडेल, हे सांगायला ज्योतिषी नको. पुट्टी भरायची पट्टी, फरशी खरडायचं जाड पातं, हॅकसॉचा तुकडा किंवा दाढीचं अर्धं ब्लेड ही काच खरडायची हत्यारं नव्हेत. माझा कटरही नव्हे. त्याचं पातं लवचिक असतं, तुकडे पाडायच्या खुणांमुळे ते वाकतं, आणि कोपरा काचेत रुततो.

वापरायची रीत तर अगदी सोपी. आधी काच धुवायची, म्हणजे धूळ-वाळू निघून जाते. मग साबणाचं पाणी भरपूर लावायचं. कोरड्या काचेवर पातं कधीही नाही. पातं आडवं, तीस अंशांच्या आत धरायचं. पुढं ढकलायचं, उचलायचं, पुसायचं, पुन्हा ढकलायचं. मागं ओढायचं नाही, कारण मागं ओढताना पात्याखाली कचरा शिरतो. मी मात्र मामांना काय सांगितलं होतं? "रगडा!" रगडणं म्हणजे मागं-पुढं.

आता कुणी म्हणेल, झालं की मग. चांगला स्टेनलेसचा स्क्रेपर घ्या, रीत शिकवा, प्रश्न मिटला. मलाही असंच वाटलं होतं. पण एक गोष्ट खटकत होती. मामांनी वीस वर्षं जुन्या खिडक्या दाढीच्या ब्लेडनं खरडल्या. त्यांवर चरे नाहीत. मी टॉर्च लावून पाहिले. मग याच काचेवर कसे आले? आणखी एक. पार्टिशनच्या दोन काचांवर फक्त बाहेरच्या अंगाला चरे होते. आतलं अंग जवळजवळ स्वच्छ होतं. मामांनी दोन्ही अंगं त्याच दिवशी, त्याच हातानं, त्याच गंजक्या पात्यानं खरडली होती.

याचं उत्तर काचेत आहे. जुन्या खिडक्यांची काच साधी आहे. पार्टिशनची काच टफन्ड आहे. टफन्ड काच बनवताना ती आधी मापात कापतात, कडा घासतात, आणि मग भट्टीत सहाशे अंश सेल्सियसच्या वर तापवून दोन्ही बाजूंनी हवेचे झोत मारून झटकन थंड करतात. त्यामुळे पृष्ठभागावर दाब, पोटात ताण, आणि काच साधीपेक्षा कितीतरी मजबूत होते. फुटलीच तर तिचे बारीक तुकडे होतात. इथपर्यंत आपल्याला परीक्षेत येतं. परीक्षेत येत नाही ते पुढचं. कापताना-घासताना काचेचा भुगा उडतो. भट्टीत घालण्यापूर्वी काच नीट धुतली नाही किंवा भट्टीतले रूळ साफ ठेवले नाहीत, तर तो भुगा तापलेल्या काचेला चिकटून बसतो, आणि बहुधा रुळांना टेकलेल्या एकाच अंगाला. डोळ्यांना तो दिसत नाही. फडकं फिरवलं तर लागत नाही. पातं फिरवलं, की एखादा कण उपटला जातो आणि पात्यासोबत फरफटत जातो. काचेवर काचेनंच चरा पडतो. म्हणून असा चरा अचानक एका बिंदूपासून सुरू होतो आणि सरळ रेघेत जातो. आपल्या पार्टिशनवर बघा, बरेचसे असेच आहेत.

माझ्या गंजक्या पात्याचा दोष नव्हता, असं मी म्हणत नाही. होताच. पण आतलं अंग साबूत राहिलं आणि बाहेरचं गेलं, याचा अर्थ सगळा दोष पात्याचा आणि हाताचा नव्हता. मामांच्या पगारातून पैसे कापताना हा विचार कुणीच केला नाही.

हा वाद फक्त आपल्याकडचाच आहे असं नाही. अमेरिकेत काच साफ करणाऱ्यांचा आणि काच बनवणाऱ्यांचा या भुग्यावरून वर्षानुवर्षं वाद आहे. साफ करणारे म्हणतात, तुमची काच खडबडीत. बनवणारे म्हणतात, तुम्ही पातं लावलंतच का? ग्लास असोसिएशन ऑफ नॉर्थ अमेरिका ही काच उद्योगाची संघटना २०१८ मध्ये नॅशनल ग्लास असोसिएशनमध्ये विलीन झाली. तिनं काच साफ करण्याबद्दल एक पत्रक काढलं होतं. त्याचा गाभा असा : मोठ्या पात्यानं अख्खी काच खरडू नका. फारच गरज असेल तर कोटिंग नसलेल्या काचेवर, लहानशा डागापुरतं, एक इंची नवं पातं वापरा, आणि तेही एकाच दिशेनं. यात बनवणाऱ्यांचा स्वार्थ आहे, हे उघड आहे. म्हणून तिकडचे काच साफ करणारे काम सुरू करण्याआधी मालकाची सही घेतात, की चरे आले तर जबाबदारी आमची नाही. आपल्या मामांना अशी सही कुणी देईल का?

तर माझं म्हणणं असं, की स्क्रेपरची निवड दुकानात सुरू होत नाही, काचेपाशी होते. पहिला प्रश्न 'कोणतं पातं?' हा नाही, 'या काचेला पातं चालतं का?' हा आहे. टफन्ड काचेच्या कोपऱ्यात बहुतेक वेळा बारीक शिक्का असतो. पोलराइज्ड गॉगल लावून तिरकं पाहिलं तर तिच्यावर ठिपक्या-पट्ट्यांची नक्षीही दिसू शकते. अशा काचेवर आधी गोंद भिजवून, कोमट साबणपाण्यानं, प्लॅस्टिकच्या पात्यानं काय निघतं ते बघावं. पोलादी पातं लावायचंच तर कोपऱ्यात दोन इंच जागेवर नवं दीड इंची पातं हलकेच फिरवून पाहावं. हाताला खरखर लागली, कर्र आवाज आला, की थांबावं. आरशासारखं कोटिंग असलेली काच, सनफिल्म लावलेली काच, अॅक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटचे पत्रे यांवर पोलादी पातं नाहीच. पाण्याचे पांढरे क्षारांचे डाग पात्यानं खरडत बसण्यातही अर्थ नाही. ते व्हिनेगरसारख्या सौम्य आम्लानं विरघळतात. सिमेंटचे शिंतोडे मात्र ओले असतानाच धुवून काढावेत. वाळले तर त्यातला अल्कली काच खातो, आणि मग कोणताही स्क्रेपर कामाचा नाही.

आता हरकती. स्टाफमधल्या एका सरांशी बोललो, तर ते म्हणाले, "इतकं कशाला? ब्लेडवर बंदीच घालू." सरांचा हेतू चांगला आहे, पण बंदीनं रंग निघत नाही. समिती यायच्या आदल्या दिवशी हुकूम तोच येणार, आणि बंदी असली तर मामा लपवून कुणाचा तरी कटर मागणार. चांगलं हत्यार उघडपणे देणं जास्त सुरक्षित आहे. दुसरी हरकत मित्रांची : "हे त्यांचं काम आहे, त्यांना कळायला हवं." कसं कळणार? वीस वर्षं त्यांना जे कळत होतं ते बरोबरच होतं. मधल्या काळात आपण काच बदलली आणि त्यांना सांगितलं नाही. १९३६ साली अमेरिकेत ओकलंडला एत्तोरे स्टेक्कोने नावाच्या, स्वतः खिडक्या पुसणाऱ्या इटालियन माणसानं हलक्या पितळी वायपरचं पेटंट घेतलं. त्याच धर्तीचे वायपर आज जगभर वापरात आहेत. काम करणाऱ्याला हत्याराची अक्कल नसते असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मग करायचं काय? चार गोष्टी सुचवतो. एक, प्रत्येक इमारतीतली कोणती काच साधी, कोणती टफन्ड, कशावर फिल्म, याची यादी करावी. एका रविवारी आपण दहा जण मिळून करू शकतो. दोन, हॉस्टेलच्या स्टोअरमध्ये एक पेटी ठेवावी. तिच्यात दोन पॉकेट स्क्रेपर, एक चार इंची, एक प्लॅस्टिकचा, सुटी पाती, दोरी आणि वापरलेली पाती टाकायला एक पत्र्याचा डबा. हा डबा विसरू नका. आपण दाढीची ब्लेड सरळ डस्टबिनमध्ये टाकतो आणि मावशी तो कचरा हातानं वेगळा करतात. तीन, नवी काच घेताना 'टफन करण्याआधी नीट धुतलेली असावी आणि पृष्ठभागावर भुगा नसावा' ही अट ऑर्डरमध्ये लिहावी. काच बसवल्यावर, ती ताब्यात घेण्याआधी, कोपऱ्यात पातं फिरवून पाहावं. चार, काम सांगणाऱ्यानं काच दाखवून, चाचणी करून, कशानं साफ करायची ते लिहून द्यावं. लिहून दिलं नसेल, तर चरा आल्यावर पगार कापता येणार नाही, असा नियम करावा. आणि पाचवी, न मागता : पोस्टरं नोटीस बोर्डवर लावा की!

मागच्या आठवड्यात मी गावातून एक पॉकेट स्क्रेपर आणला आणि जुन्या खिडकीवर मामांना रीत दाखवायला गेलो. मी दाखवत असताना त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. "एवढा उभा नको धरू, धार मरते," म्हणाले, आणि रंगाचे चार थेंब चार झटक्यांत उचलले. मग पात्याला नख लावून पाहिलं, पुसलं, झाकण लावलं. "हे आधी दिलं असतं तर बरं झालं असतं," एवढंच बोलले.

कापलेले पैसे अजून परत मिळालेले नाहीत. दोन्ही अंगांच्या चऱ्यांचे फोटो जोडून आम्ही रेक्टर सरांच्या नावे अर्ज तयार केला आहे. अर्जात पातं माझं होतं हेही लिहिलं आहे. अर्ज अभ्यासिकेच्या टेबलावर ठेवलाय. सही करण्याआधी पार्टिशनला बाहेरून नि आतून टॉर्च लावून स्वतः बघा. पटलं तरच सही करा.

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल